पोपचं खातं आणि दुकानाची गादी

ठाण्यात मासुंदा तलावाच्या आसपास एकीकडे कोपिनेश्वराचं मंदिर आहे, थोड्याच अंतरावर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, आणि जांभळी नाक्यापासून स्टेशनापर्यंत दुकानंच दुकानं. यातल्या कुठल्याही दुकानात जाऊन विचारा, "तुमचं इन्स्टाग्रामचं खातं कुणाच्या नंबरावर आहे?" बऱ्याचदा मालक काउंटरवरच्या मुलाकडे बघतात. मुलगा म्हणतो, "ते आधीच्या दादांनी उघडलं होतं." आधीचे दादा दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेले असतात.

सोशल मीडियाचे सल्ले सहसा रील किती सेकंदांची असावी इथून सुरू होतात. खरं नुकसान त्याच्या बरंच आधी, खातं कुणाच्या नावावर उघडलं तिथे होतं. हा प्रश्न व्हॅटिकनने, म्हणजे पोपच्या कारभाराने, पहिल्याच दिवशी नीट सोडवला, पुढे एकदा त्यांचाही थोडा घोळ झाला, आणि दोन्हींतून दुकानदाराला शिकण्यासारखं बरंच आहे.

नाव माणसाचं की गादीचं

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ट्विटरवर खातं उघडलं तेव्हा त्याचं नाव बेनेडिक्ट ठेवलं नाही. नाव ठेवलं पॉन्टिफेक्स. हा पोपच्या पदासाठीचा जुना लॅटिन शब्द, मूळ अर्थ पूल बांधणारा. ३ डिसेंबर २०१२ ला खात्याची घोषणा झाली, लोकांकडून प्रश्न मागवले गेले आणि १२ डिसेंबरला, बुधवारच्या नेहमीच्या जाहीर भेटीत, पोपनी टॅबलेटवर बोट ठेवून पहिलं ट्वीट पाठवलं.

अडीच महिन्यांतच बेनेडिक्ट पायउतार झाले. २८ फेब्रुवारी २०१३ ला त्यांचा कार्यकाळ संपला तेव्हा खात्यावरचं नाव बदलून 'सेदे व्हाकान्ते', म्हणजे 'गादी रिकामी आहे', असं केलं गेलं. बेनेडिक्ट यांची ट्वीट तिथून काढून व्हॅटिकनच्या वेबसाइटवर जतन केली गेली. १३ मार्चला नवे पोप निवडले गेल्याची बातमी त्याच खात्यावर लॅटिनमध्ये झळकली आणि चार दिवसांनी पोप फ्रान्सिस तिथूनच बोलू लागले. मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे आले, तेव्हा नऊ भाषांतल्या खात्यांचे मिळून सुमारे ५ कोटी २० लाख फॉलोअर त्यांना पहिल्या दिवशी आयते मिळाले.

घोळ झाला तो इन्स्टाग्रामवर. १९ मार्च २०१६ ला तिथलं खातं 'फ्रान्सिस्कस' या नावाने, म्हणजे माणसाच्या नावाने उघडलं गेलं. फ्रान्सिस यांच्या निधनानंतर ते नाव पुढच्या पोपला लावता येईना. मग तिथेही पॉन्टिफेक्स हे पदाचं नाव घ्यावं लागलं आणि फ्रान्सिस यांच्या काळातला मजकूर स्मृतिसंग्रह म्हणून वेगळा ठेवावा लागला.

आपल्या पेढीवरही गादी असते. वडील उठतात, मुलगा बसतो, गादी तीच. खातं त्या गादीचं हवं. 'पिंकी_क्रिएशन्स_०७' हे नाव पिंकीताई स्वतः शिवतात तोवर ठीक आहे. उद्या सूनबाईंनी काम हातात घेतलं, किंवा घोडबंदर रोडला दुसरी शाखा निघाली, की ते नाव अडायला लागतं. नाव पाटीवर आहे तेच घ्यावं. ते आधीच कुणी घेतलं असेल तर पुढे गावाचं नाव लावावं, ठाणे किंवा नेरूळ. आकडे आणि दोन-दोन अंडरस्कोर टाळावेत, कारण फोनवर ते नाव कुणाला सांगता येत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, सगळीकडे एकच नाव.

किल्ल्या कुणाकडे

नाव झालं, आता ताबा. यात चार वेगवेगळी कुलपं आहेत आणि लोक एकच लावून निवांत होतात.

पहिलं कुलूप मोबाइल नंबर. दुकानाच्या कामासाठी वेगळं सिम घ्यावं, ते मालकाच्या किंवा फर्मच्या नावावर असावं, आणि त्याचा रिचार्ज कधी संपतो ते हिशेबाच्या वहीत लिहावं. प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. म्हणजे तुमच्या खात्याचे ओटीपी परक्या माणसाकडे. जुन्या दुकानांकडे याहून चांगला पर्याय पडून असतो: ०२२ चा लँडलाइन. व्हॉट्सॲप बिझनेस लँडलाइन नंबरावर सुरू करता येतं. नंबर टाकायचा, मेसेजने येणारा कोड अर्थातच येत नाही, मग कॉल करून कोड सांगण्याचा पर्याय निवडायचा आणि फोनपाशी थांबायचं. आधी 'एक दाबा, दोन दाबा' म्हणणारं यंत्र लावलेलं असेल तर तो कॉल वाया जातो, तेवढ्यापुरतं ते बंद करावं. लँडलाइन नोकरी सोडून जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरं कुलूप ईमेल. दुकानाच्या नावाचा एक ईमेल काढून सगळी खाती त्याच्याशी जोडावीत. तिसरं, दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड. इन्स्टाग्राम-फेसबुकला ती अकाउंट्स सेंटरमध्ये पासवर्ड आणि सिक्युरिटीखाली मिळते. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करून देणारं) बरं, आणि त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून दुकानाच्या परवान्याच्या फायलीत ठेवावेत. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन असतो. तो लावताना ईमेलही द्यावा. पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसेल, तर नव्या फोनवर खातं उघडायला सात दिवस थांबावं लागू शकतं. दिवाळीच्या आठवड्यात सात दिवस म्हणजे काय, हे फराळवाल्यांना सांगायला नको.

चौथं कुलूप सगळ्यांत दुर्लक्षित. पासवर्ड वाटायचा नाही, अधिकार वाटायचे. फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या मालक कंपनीच्या, मेटाच्या, बिझनेस पोर्टफोलिओत जोडलं, की प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या लॉगिनने आत घेता येतं. पूर्ण ताबा दोघांकडे ठेवावा, मालक आणि घरातलं दुसरं कुणी. एकाकडेच ठेवला आणि त्याचं फेसबुक हॅक झालं तर दार आतून बंद. पोस्ट करणाऱ्या मुलाला किंवा एजन्सीला फक्त मजकूर टाकण्याचा अधिकार द्यावा. तो सोडून गेला त्या संध्याकाळी नाव काढायचं, पासवर्ड बदलत बसायची गरज नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइलचंही, म्हणजे गुगलवर शोधल्यावर दिसणाऱ्या दुकानाच्या माहितीचंही, असंच. तिथे एक मुख्य मालक असतो आणि बाकी मालक किंवा व्यवस्थापक. एजन्सी बहुतेक वेळा स्वतःला मुख्य मालक करून ठेवते, वाईट हेतूनेच असं नाही, सोयीसाठी. नवा मालक जोडला तरी मुख्य मालकी त्याच्याकडे लगेच सरकवता येत नाही, सात दिवस जावे लागतात. तेव्हा एजन्सीशी भांडण होण्याच्या आधी हे काम करून घ्यावं. भांडणानंतर कुणी फोन उचलत नाही.

चाळीस शब्दांत काय मावतं

ट्विटर सुरुवातीला १४० अक्षरांचं होतं. शतकानुशतकं लांबलचक परिपत्रकं काढणाऱ्या संस्थेला हे अवघड जाईल असं वाटलं होतं. पण बेनेडिक्ट यांनी २०१२ च्याच एका संदेशात म्हटलं होतं की बायबलमधल्या एखाद्या वचनाएवढ्या छोट्या वाक्यातही खोल विचार सांगता येतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. अभंग काय करतो? चार-सहा चरण, आणि शेवटी 'तुका म्हणे'. बोलणारा कोण, हे शेवटच्या चरणात कळतं. पोस्टखाली दुकानाचं नाव, पत्ता आणि वेळ दर वेळी त्याच क्रमाने आली की तीच नाममुद्रा होते.

मराठीत एक तांत्रिक भानगड आहे. मशीन अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. 'श्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, मशीनला चार: श, हलन्त, र आणि वेलांटी. 'ठाण्यात' ही तीन अक्षरं सात मोजली जातात. म्हणून एक्सवर (ट्विटरचं आताचं नाव) २८० ची मर्यादा असली तरी मराठीत चाळीस-पंचेचाळीस शब्दांतच ती भरते. एसएमएसला तर खर्चच वाढतो. इंग्रजी मेसेजला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. एकाहत्तरावं अक्षर आलं की मेसेजचे दोन तुकडे, प्रत्येकी ६७ चे, आणि पैसे दोन मेसेजचे. 'आमच्या सर्व ग्राहकांना' एवढं लिहीपर्यंत बावीस गेलेली असतात. ग्राहकाला ठाऊक असतं तो ग्राहक आहे, ते शब्द काढून टाकावेत.

इन्स्टाग्रामचा मजकूर २२०० अक्षरांपर्यंत जातो, पण 'आणखी' वर बोट न लावता साधारण पहिली दोन वाक्यंच दिसतात. तिथे काय असावं? नौपाड्यातला एक घरगुती फराळाचा व्यवसाय समजा. नेहमीची पोस्ट अशी असते: 'आमच्याकडे उत्तम दर्जाचा, घरगुती चवीचा, स्वादिष्ट दिवाळी फराळ योग्य दरात मिळेल. आजच संपर्क साधा.' यात एकही माहिती नाही. हेच असं लिहून बघा, दर उदाहरणादाखल: 'भाजणीची चकली आजपासून. अर्धा किलो २८० रुपये. तळण शेंगदाणा तेलातलं. ऑर्डर गुरुवारपर्यंत, मिळेल शनिवारी संध्याकाळी ५ नंतर, नौपाडा.' काय, केवढ्याला, कशातलं, कधी, कुठे. पाचही उत्तरं झाली, आता खाली येणारे प्रश्न निम्म्याने कमी होतील. आणि 'किंमत इनबॉक्समध्ये' हा प्रकार कृपा करून बंद करावा. त्याने माल महाग असल्याचाच संशय येतो. खाण्याचा व्यवसाय असेल तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर खात्याच्या ओळखीच्या मजकुरात (बायोमध्ये) टाकावा. तिथे १५० अक्षरांची जागा असते, गुलाब आणि हात जोडलेल्या चिन्हांनी ती अडवू नये.

रोज नवीन काय आणायचं

पोप स्वतः बसून टाइप करत नाहीत. मजकूर तयार करणारी माणसं वेगळी, मान्यता पोपची. आणि तो मजकूर मुद्दाम खात्यासाठी रचलेला क्वचितच असतो. बुधवारची जाहीर भेट, रविवारी दुपारची प्रार्थना, प्रवचनं, यांत जे बोलणं होतंच, त्यातलं एखादं वाक्य उचललं जातं. जून २०१५ मध्ये पर्यावरणावरचं मोठं परिपत्रक निघालं तेव्हा त्याचेच तुकडे करून एका दिवसात डझनावारी ट्वीट गेली.

दुकानातही बोलणं होतच असतं, ते टिपून ठेवलं जात नाही एवढंच. काउंटरवर एक वही ठेवावी आणि आठवडाभर गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत. शंभर प्रश्नांत दहा-बाराच पुन्हा पुन्हा येतात. ते दहा-बारा म्हणजे महिन्याचा मजकूर.

वाशीच्या मार्केटातून हापूस आणून घरपोच देणाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याला दर वर्षी तेच प्रश्न येतात. पेटीत किती? साधारण चार ते सहा डझन, आणि डझन जितके जास्त तितकं फळ लहान, कारण पेटी तेवढीच. हे लोकांना माहीत नसतं, म्हणून सहा डझनी पेटी 'जास्त आंबे' म्हणून घेतात आणि मग लहान फळावरून वाद घालतात. एक फोटो, दोन पेट्या शेजारी शेजारी, वाद संपला. साका, म्हणजे आतून बिघडलेला गर, कसा ओळखायचा? बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही, हेच खरं उत्तर. तेव्हा साका निघालेलं फळ कापून त्याचा फोटो टाकावा आणि खाली लिहावं: असं फळ निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत बदलून देऊ. साक्याचा फोटो टाकायला दुकानदार घाबरतात. पण गिऱ्हाईक ज्याला घाबरतं तेच तुम्ही आधी बोललात, तर पेटी कुठून घ्यायची हा प्रश्न उरत नाही. खरा हापूस कुठला? २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, पालघर आणि आपला ठाणे जिल्हाही आहे. यावर एक पोस्ट टाकली तर खाली चर्चा रंगणार, एवढं नक्की.

वारंवारतेबद्दल एकच: आठवड्याला तीन जमत असतील तर तीन, पण ठरलेल्या वारी. गणपतीच्या आधी रोज आणि मग पितृपक्ष संपेपर्यंत मौन, असं खातं लोकांच्या नजरेतून जातं.

कुणाच्या भाषेत

व्हॅटिकनने सुरुवातीला आठ भाषांत आठ खाती उघडली, अरबीसकट. जानेवारी २०१३ मध्ये नववी आली लॅटिन, जी आज कुणाच्या घरात बोलली जात नाही. त्या खात्यालाही लाखो फॉलोअर मिळाले. भाषा छोटी असली की वाचणारा जास्त जीव लावतो.

वेगवेगळी खाती उघडणं छोट्या दुकानाला झेपणार नाही, त्या फंदात पडू नये. नौपाड्यात मराठी आधी, खारघरच्या सोसायट्यांत मराठीच्या जोडीला हिंदी, एवढं पुरतं. एकाच पोस्टमध्ये तेच वाक्य तीनदा तीन भाषांत घातलं की कुणीच पूर्ण वाचत नाही. त्यापेक्षा चित्रावर एक भाषा, खाली दुसरी. चेंदणी कोळीवाडा किंवा दिवाळे गावातला मसाला विकणारीने मात्र सरळ आपल्या बोलीत लिहावं, बोलीत बोलावं. तिची रील पुस्तकी मराठीत वळवून 'आमचे उत्कृष्ट पारंपरिक उत्पादन' करणारा एजन्सीवाला तिचं नुकसान करतोय.

इथे पोपची नक्कल नको

पॉन्टिफेक्स खातं फक्त स्वतःच्याच दुसऱ्या भाषांतल्या खात्यांना फॉलो करतं आणि कुणाला उत्तरं देत बसत नाही. धर्मगुरूला ते शोभतं. किराणा दुकानाला नाही. 'उद्या उघडं आहे का?' याला दोन दिवसांनी अंगठा दाखवणं म्हणजे दारातलं गिऱ्हाईक परत पाठवणं.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात. पत्ता, वेळ, दर, बदलून देण्याचे नियम, एवढी चार आधी करावीत. प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देताना 'नंबर सेव्ह करा' हे तोंडाने सांगावं. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये ओढू नये, तिथे सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. गुगलवर वाईट अभिप्राय आला तर उत्तर तीन वाक्यांत: काय झालं ते मान्य करा किंवा तारखेसह खुलासा करा, काय करणार ते सांगा, फोन नंबर द्या. चौथ्या वाक्यापासून भांडण सुरू होतं.

चुकीचं बोट आणि खोटा फोटो

नोव्हेंबर २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या इन्स्टाग्राम खात्यावरून एका मॉडेलच्या फोटोला लाइक गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि जगभर हसं झालं. लाइक आपल्याकडून गेलेली नाही असं सांगत व्हॅटिकनने इन्स्टाग्रामकडे खुलासा मागितला. दुकानाच्या खात्यावर असं होण्याचं ठरलेलं कारण एकच: एका फोनवर, एकाच ॲपमध्ये, स्वतःचं आणि दुकानाचं खातं. रात्री लोळत बघताना खातं बदलायचं राहतं आणि दुकानाच्या नावाने राजकीय कमेंट पडते. दुकानाचं खातं मेटा बिझनेस सूट या वेगळ्या ॲपमधून चालवावं आणि रोजच्या इन्स्टाग्राम ॲपमधून लॉगआउट करावं. चूक झालीच तर लगेच काढावी. कुणी स्क्रीनशॉट टाकला असेल तर एक ओळीची दिलगिरी, बस. 'खातं हॅक झालं होतं' ही सबब आता कुणी मानत नाही.

मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटातल्या पोपचा फोटो फिरला. तो मिडजर्नी या एआय साधनाने बनवलेला होता, पण पुष्कळांना खरा वाटला. दुकानांच्या बाबतीत खोटेपणा याहून साधा असतो: तुमचाच लोगो, तुमचेच फोटो, वेगळा यूपीआय क्यूआर आणि 'आगाऊ भरा, ३० टक्के सूट'. यासाठी पैसे कुठे भरायचे ते एकाच ठिकाणी कायम लिहून ठेवावं, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर कोणतं नाव दिसलं पाहिजे तेही. नकली खातं दिसलं तर त्याची तक्रार ॲपमध्येच करावी, दहा नियमित गिऱ्हाइकांनाही करायला सांगावी. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन.

गादी रिकामी असते तेव्हा

२० एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या रविवारी, पोप फ्रान्सिस यांच्या खात्यावर सणाचा संदेश होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं निधन झालं.

दुकानात असा दिवस येतो तेव्हा खात्याचा विचार कुणाच्या डोक्यात नसतो, आणि आधी वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आपल्या आपण जात राहतात. घरात दुःख आणि पेजवर 'आज फक्त आज, फ्लॅट २० टक्के'. म्हणून पूर्ण ताबा असलेल्या दुसऱ्या माणसाने काय करायचं ते आधीच लिहून ठेवावं: बिझनेस सूटच्या प्लॅनरमधल्या येणाऱ्या पोस्ट थांबवायच्या, चालू जाहिराती बंद करायच्या कारण त्यांचे पैसे कापले जातच असतात, गुगलवर दुकान 'तात्पुरतं बंद' करायचं. 'कायमचं बंद' त्याच्या शेजारीच असतं, घाईत तिथे बोट जाऊ नये. मग व्हॉट्सॲपच्या अनुपस्थिती संदेशात दोन ओळी: 'घरातील दुःखद घटनेमुळे दुकान १४ तारखेपर्यंत बंद आहे. दिलेल्या ऑर्डरींबद्दल १५ ला सकाळी १० नंतर फोन करू.'